कोनानची कॉमिक्स क्रमाने कशी लावायची: अंक ओळखण्यापासून वाचनयादीपर्यंत

कोनान, म्हणजे रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कथांमधला रानटी योद्धा, कॉमिक्समधून वाचायला घेणारे बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. एकाच्या हातात 'कोनान द बार्बेरियन' अंक १ असतो, मित्राकडेही 'कोनान द बार्बेरियन' अंक १ असतो, पण कथा वेगळी, चित्रकार वेगळा, प्रकाशकही वेगळा. मग दोघे मिळून 'खरा' पहिला अंक शोधायला लागतात आणि तिथून सगळी यादी चुकत जाते. या नावाचे पहिले अंक किमान चार आहेत: १९७०, २०१२, २०१९ आणि २०२३. 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान' अंक १ किमान तीन वेळा निघाला: १९७४, २०१९ आणि २०२४. नुसतं 'कोनान' या नावाची मालिका १९९५ मध्येही होती आणि २००४ मध्येही. त्यामुळे मालिकेचं नाव आणि अंक क्रमांक एवढ्यावर कोनानचा कोणताही अंक ओळखता येत नाही.

हा लेख ज्यांना हे अंक जमवायचे आहेत, किंवा संग्रह विकत घेऊन नीट क्रमाने वाचायचे आहेत, त्यांच्यासाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बरेच जण थेट शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे वाचनयादीवर, उडी मारतात आणि अर्ध्यात परत फिरतात.

## तयारी: तीन क्रम वेगळे ठेवा

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करा. कोनानच्या बाबतीत 'क्रम' तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकाशनक्रम: कोणता अंक कधी छापला गेला. दुसरा कथाक्रम: ती घटना कोनानच्या आयुष्यात कोणत्या वयात घडली. तिसरा मूळ कथांचा क्रम: रॉबर्ट ई. हॉवर्डने ती कथा 'विअर्ड टेल्स' मासिकात कधी प्रसिद्ध केली.

हे तिन्ही क्रम एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळावेत अशी अपेक्षाही ठेवू नका. 'विअर्ड टेल्स'च्या डिसेंबर १९३२ च्या अंकात आलेली कोनानची पहिली कथा, 'द फीनिक्स ऑन द सोर्ड', त्याला थेट अक्विलोनियाचा राजा म्हणून दाखवते. पुढच्या कथांमध्ये तो कधी चोर, कधी भाडोत्री सैनिक, कधी चाचा. मार्वलने १९७० मध्ये कॉमिक सुरू केलं तेव्हा मात्र तरुण कोनानपासून सुरुवात केली. 'फीनिक्स' कॉमिकमध्ये यायला १९७६ चा 'कोनान अ‍ॅन्युअल' क्रमांक २ उजाडला. म्हणजे हॉवर्डची पहिली कोनान-कथा कॉमिकच्या प्रकाशनक्रमात कितीतरी मागे पडते, आणि कथाक्रमात तर जवळजवळ शेवटी.

एक स्प्रेडशीट उघडा किंवा रेघांची जाड वही घ्या आणि हे रकाने आखा: मालिकेचं नाव, मालिका सुरू झाल्याचं वर्ष, अंक, मुखपृष्ठावरचा महिना, लेखक, चित्रकार, नवीन की पुनर्मुद्रण, मूळ कथा, कथेतलं वय. शेवटचे दोन रकाने सुरुवातीला रिकामेच ठेवा.

सावधान: 'वर्ष' या रकान्यात मालिका सुरू झाल्याचं वर्ष लिहायचं, अंकाचं नव्हे. 'कोनान द बार्बेरियन (१९७०) अंक १००' ही नोंद बरोबर, जरी तो अंक १९७९ चा असला तरी. ग्रँड कॉमिक्स डेटाबेससारख्या सूचीतही मालिका अशीच सुरुवातीच्या वर्षाने ओळखली जाते, त्यामुळे पुढे पडताळणी सोपी होते.

## टप्पा १: अंक हातात घेतला की आधी बारीक अक्षरं वाचा

मुखपृष्ठावर विसंबू नका. तिथलं नाव सजावटीसाठी मोठं-छोटं होतं, कधी बदलतंही. अंकाची अधिकृत ओळख आतल्या बारीक छपाईत असते. आपल्या दिवाळी अंकांत मुद्रक-प्रकाशकांचा मजकूर असतो, तसाच हा मजकूर. मार्वलच्या जुन्या रंगीत अंकांत तो बहुधा कथेच्या पहिल्या पानाच्या तळाशी सापडतो; काळ्या-पांढऱ्या मासिकांत अनुक्रमणिकेच्या पानावर बघा. त्यात मालिकेचं पूर्ण नाव, अंक, महिना, वर्ष आणि प्रकाशक असतो.

मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर किंवा फ्लोरा फाउंटनच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मुखपृष्ठ नसलेलं एखादं परदेशी कॉमिक हाती लागलं, तर ते ओळखण्याचा हाच एक भरवशाचा मार्ग. अमेरिकेत न खपलेल्या अंकांचं मुखपृष्ठ किंवा त्याचा वरचा भाग फाडून परत पाठवण्याची पद्धत होती, त्यामुळे असे उघडे अंक जगभर फिरत राहिले.

आता महिन्याविषयी. अंकावर छापलेला महिना हा विक्रीचा महिना नसतो. तो साधारण दोन-तीन महिने पुढचा असतो. 'कोनान द बार्बेरियन' (१९७०) अंक १ वर ऑक्टोबर १९७० आहे, पण तो जुलै १९७० मध्येच अमेरिकेतल्या स्टॉलवर आला होता. तुमच्या रकान्यात छापील महिनाच लिहा. विक्रीची तारीख लिहायची हौस असेल तर वेगळा रकाना करा. अर्धे अंक एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या पद्धतीने नोंदवले, तर एकाच महिन्यात दोन सलग अंक आल्यासारखं दिसायला लागतं.

पडताळा: नाव, वर्ष, अंक, महिना आणि प्रकाशक या पाचही गोष्टी आतल्या मजकुरातून घेतल्या का? मुखपृष्ठ फक्त खात्रीसाठी बघा.

## टप्पा २: अंक चार कप्प्यांत टाका

नोंदी झाल्या की लगेच क्रम लावायला घेऊ नका. आधी प्रकाशकानुसार चार ढीग करा.

१. मार्वलचा पहिला काळ: १९७० पासून २००० पर्यंत.
२. डार्क हॉर्स: नोव्हेंबर २००३ मधल्या अंक ० पासून पुढे.
३. मार्वलचा दुसरा काळ: जानेवारी २०१९ पासून.
४. टायटन: २०२३ पासून.

या चार काळांतली कथानकं एकमेकांची पुढची पायरी नाहीत. डार्क हॉर्सने मार्वलची गोष्ट पुढे नेली नाही. हॉवर्डच्या कथांपाशी जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. म्हणून १९९० च्या दशकातला अंक संपवून २००४ चा अंक 'पुढचा भाग' म्हणून वाचायला घेतलात तर फसाल.

कुल आणि रेड सोंजा यांचे स्वतंत्र अंक पाचव्या ढिगात ठेवा. कुल ही हॉवर्डचीच, पण कोनानच्या आधीच्या युगातली व्यक्तिरेखा. रेड सोंजाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, ते टप्पा ६ मध्ये येईल.

## टप्पा ३: मुख्य कणा, मार्वलची रंगीत मालिका

'कोनान द बार्बेरियन' (१९७०) मालिका अंक १ ते २७५ अशी चालली, ऑक्टोबर १९७० ते डिसेंबर १९९३. हाच तुमच्या यादीचा कणा. बाकी सगळं याच्या आजूबाजूला बसवायचं.

या मालिकेतले काही सांधे माहीत असले की हरवलेले अंकही जागेवर बसवता येतात. पहिल्या अंकापासून लेखक रॉय थॉमस, चित्रकार बॅरी स्मिथ, ज्याने पुढे विंडसर-स्मिथ हे नाव घेतलं. स्मिथची चित्रं अंक २४ पर्यंत, पण मध्ये खंड आहेत: अंक १७ आणि १८ गिल केनचे. अंक २५ (एप्रिल १९७३) पासून जॉन ब्यूसेमा. थॉमसने अंक ११५ (ऑक्टोबर १९८०) नंतर मालिका सोडली. पुढे बरीच वर्षं इतर लेखकांनी ती चालवली आणि अंक २४० (जानेवारी १९९१) पासून थॉमस परत आला. ज्यांना एकाच लेखकाची सलग दृष्टी वाचायची आहे त्यांनी अंक ११५ ला थांबलं तरी चालेल. माझं मत असं की पहिल्या वाचनात तिथेच थांबावं.

अंक दरमहा निघत असत असं गृहीत धरू नका. पहिले काही अंक दोन महिन्यांनी एक या गतीने निघाले: ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल. नंतर मासिक गती आली, पण १९७२ मध्ये पुन्हा खंड पडला: अंक १४ मार्चचा, अंक १५ मेचा, अंक १६ जुलैचा. मधल्या महिन्यांचे अंक शोधत बसू नका, ते छापलेच गेले नाहीत.

दुसरी मोठी रंगीत मालिका म्हणजे 'किंग कोनान', मार्च १९८० पासून. इथे एक हमखास होणारी चूक आहे. अंक १९ पर्यंत नाव 'किंग कोनान', आणि अंक २० (जानेवारी १९८४) पासून 'कोनान द किंग'. नाव बदललं, क्रमांक पुढे चालू राहिला. 'कोनान द किंग' अंक १ ते १९ शोधणाऱ्यांना ते कधीच सापडणार नाहीत. यादीत ही एकच मालिका म्हणून १ ते ५५ लिहा, नाव मात्र त्या त्या अंकावर असेल ते.

पडताळा: अंक १ ते २५ तुमच्याकडे असोत वा नसोत, यादीत त्यांच्या ओळी भरा. चित्रकाराच्या रकान्यात केनच्या दोन अंकांची नोंद दिसते का? दिसत नसेल तर माहिती कुठून तरी ठोकळेबाज उचललेली आहे.

## टप्पा ४: काळी-पांढरी मासिकं मध्ये गुंफा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मार्वलची मोठ्या आकाराची काळी-पांढरी मासिकं कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिक्समध्ये काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या अमेरिकी नियमावलीच्या, बंधनाखाली नव्हती. त्यामुळे तिथे मारामारी आणि देहचित्रण अधिक मोकळं आहे, कथाही लांब. पुष्कळ जण ही मासिकं 'जादा' समजून बाजूला ठेवतात. तसं केलं तर हॉवर्डच्या कथांची उत्तमोत्तम रूपांतरंच हातची जातात.

आधी 'सॅव्हेज टेल्स'. अंक १ मे १९७१ चा, अंक २ थेट ऑक्टोबर १९७३ चा. मधली दोन वर्षं रिकामीच आहेत. कोनान यात अंक ५ पर्यंतच आहे. अंक ६ पासून हे मासिक का-झार या मार्वलच्या दुसऱ्या नायकाकडे गेलं, तेव्हा कोनानच्या यादीत अंक ६ लिहू नका. अंक २ आणि ३ मध्ये 'रेड नेल्स'चं रूपांतर आहे, थॉमस आणि स्मिथचं. स्मिथचं कोनानवरचं काम समजून घ्यायचं असेल तर हे दोन अंक वगळून चालणार नाही.

मग ऑगस्ट १९७४ पासून 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान', अंक १ ते २३५, जुलै १९९५ पर्यंत. इथे कथाक्रम जवळजवळ सोडून दिलेला आहे. अंक २ मध्ये 'ब्लॅक कोलोसस', अंक ४ मध्ये 'आयर्न शॅडोज इन द मून', अंक ५ मध्ये 'अ विच शॅल बी बॉर्न', अंक १६ ते १९ मध्ये 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल'. त्याच काळात रंगीत मालिकेतला कोनान वयाने लहान आहे. म्हणून १९७४ चा रंगीत अंक आणि १९७४ चं काळं-पांढरं मासिक एकापाठोपाठ वाचले तर नायक एका महिन्यात दहा वर्षांनी मोठा झाल्यासारखा वाटतो. यादीत दोन्ही मालिका वेगवेगळ्या ठेवा. गुंफण फक्त पुढच्या काही ठिकाणी करा.

*गुंफण एक:* 'द अवर ऑफ द ड्रॅगन'. हॉवर्डची ही एकमेव पूर्ण कोनान कादंबरी 'विअर्ड टेल्स'मध्ये डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ क्रमशः आली. मार्वलने तिचं रूपांतर 'जायंट-साइझ कोनान' अंक १ ते ४ मध्ये सुरू केलं आणि ते पूर्ण झालं 'सॅव्हेज सोर्ड'च्या अंक ८ आणि १० मध्ये. 'जायंट-साइझ'चा पाचवा अंक पुनर्मुद्रणाचा. त्यात शेवट सापडेल म्हणून पुढे वाचणारे निराश होतात. यादीत थेट असं लिहा: जायंट-साइझ १, २, ३, ४, मग सॅव्हेज सोर्ड ८, १०.

*गुंफण दोन:* रंगीत अंक ६६ ते ६८ च्या दरम्यान 'मार्वल फीचर' अंक ७ येतो, कारण कोनान आणि रेड सोंजाची गोष्ट दोन मालिकांत विभागलेली आहे. हा एक अंक नसेल तर मधला धागा तुटतो.

सावधान: मार्वलच्या ब्रिटिश शाखेनेही १९७५ मध्ये 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान' नावाचं साप्ताहिक काढलं होतं. आतल्या बारीक मजकुरात लंडनचा पत्ता आणि पेन्समधली किंमत दिसली तर तो वेगळा अंक आहे. अमेरिकी मालिकेच्या ओळीत टाकू नका.

## टप्पा ५: पुनर्मुद्रणं वेगळी काढा

यादीतल्या 'नवीन की पुनर्मुद्रण' या रकान्याचा उपयोग आता होतो. हा टप्पा टाळणारे तीच कथा तीन वेळा विकत घेतात.

सुरुवात मुख्य मालिकेतूनच करा. अंक २२ वेळेत तयार झाला नाही, म्हणून त्यात अंक १ ची कथा पुन्हा छापली गेली. अंक १६ मध्ये 'सॅव्हेज टेल्स' १ मधली 'द फ्रॉस्ट जायंट्स डॉटर' रंगीत स्वरूपात आली, पण कोडसाठी चित्रांत बदल करून. शिवाय 'चेंबर ऑफ डार्कनेस' अंक ४ (एप्रिल १९७०) मधली थॉमस-स्मिथचीच एक छोटी कथाही त्यात आहे. ती कोनानची कथा नाही; नायक स्टार नावाचा योद्धा. पण याच जोडीने कोनानच्या काही महिने आधी तलवार आणि जादूचा हा साचा त्यात वापरून पाहिला होता, म्हणून संग्राहक तो अंक यादीच्या डोक्यावर ठेवतात. मीही ठेवतो, मात्र 'पूर्वतयारी' अशी खूण करून.

त्यानंतर पूर्ण पुनर्मुद्रणाच्या मालिका बघा. 'कोनान सागा' (१९८७ ते १९९५, ९७ अंक) जुन्या कथा काळ्या-पांढऱ्यात पुन्हा छापत असे. 'कोनान क्लासिक' १९९४ पासून थेट पहिल्या अंकांपासून पुनर्मुद्रण करत आलं. 'मार्वल ट्रेझरी एडिशन' क्रमांक ४ मध्ये 'रेड नेल्स' रंगीत आहे. या ओळी यादीत हव्यात, पण फिक्या रंगात किंवा कंसात. वाचनयादीत त्यांना जागा नको.

एक अपवाद सांगतो. 'फ्रॉस्ट जायंट्स डॉटर' आधी काळ्या-पांढऱ्या आवृत्तीत वाचा आणि मगच अंक १६ उघडा. कोडसाठी कुठे काय झाकलं हे शेजारी ठेवून पाहिलं की त्या काळातल्या संपादनाची मर्यादा डोळ्यांना दिसते.

पडताळा: प्रत्येक पुनर्मुद्रणासमोर मूळ अंक लिहिला का? नुसतं 'पुनर्मुद्रण' लिहून उपयोग नाही.

## टप्पा ६: मूळ कथेचा रकाना भरा

आता यादीला खरी किंमत येते. प्रत्येक अंकासमोर चारपैकी एक खूण करा: हॉवर्डची कोनान-कथा; हॉवर्डची दुसरीच कथा, कोनानमध्ये बसवलेली; दुसऱ्या लेखकाची कथा, कोनानमध्ये बसवलेली; कॉमिकसाठी नव्याने लिहिलेली.

पहिल्या प्रकारची उदाहरणं सोपी आहेत: अंक ४ 'द टॉवर ऑफ द एलिफंट', अंक ११ 'रोग्ज इन द हाउस'. दुसऱ्या प्रकारात लोक फसतात. अंक ३ हॉवर्डच्या 'द ग्रे गॉड पासेस'वर आहे, आणि त्या मूळ कथेत कोनान नाहीच. अंक २३ (फेब्रुवारी १९७३) हॉवर्डच्या 'द शॅडो ऑफ द व्हल्चर'वर आहे. ती सोळाव्या शतकातली, तुर्कांच्या व्हिएन्ना वेढ्याची ऐतिहासिक कथा. त्यातली रोगातिनोची सोन्या ही तलवारबाज स्त्री थॉमसने उचलली, तिला कोनानच्या युगात आणलं आणि रेड सोंजा तयार झाली. हॉवर्डच्या एकाही कोनान-कथेत रेड सोंजा नाही. पुढे तिचे हक्क कोनानपासून वेगळे झाले आणि २००५ पासून तिची कॉमिक्स डायनामाइट छापते. म्हणूनच टप्पा २ मध्ये तिच्या स्वतंत्र अंकांचा ढीग वेगळा करायला सांगितला.

तिसऱ्या प्रकारात अंक ३२ ते ३४ येतात, नॉर्व्हेल पेजच्या कादंबरीवरून, आणि अंक ४६ ते ५१, गार्डनर फॉक्सच्या कोथार या नायकाच्या कथेवरून. अंक १४-१५ मध्ये मायकेल मूरकॉक या लेखकाचा नायक एलरिक कोनानला भेटतो. तो अंक कोनानच्या मूळ साहित्यात शोधू नका.

या खुणांचा आणखी एक फायदा म्हणजे लांबी समजते. 'क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट' ही मे १९३४ ची एकच लघुकादंबरी. मार्वलने तिच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणांमधली पोकळी भरून चाच्यांची राणी बेलित आणि कोनान यांची सागरी भटकंती अंक ५८ (जानेवारी १९७६) पासून अंक १०० (जुलै १९७९) पर्यंत लांबवली. हॉवर्डची कथा वाचलेला वाचक अंक ५८ नंतर 'आता पुढच्या अंकात शेवट' अशी वाट बघतो. रकान्यात हे लिहिलेलं असलं की ही वाट बघणं टळतं.

## टप्पा ७: डार्क हॉर्सच्या मालिका जोडा

इथे काम सोपं आहे, फक्त नावं सांभाळा. प्रत्येक नवी मालिका पुन्हा १ पासून सुरू होते, पण कोनानचं आयुष्य मात्र साधारण पुढे सरकत राहतं. क्रम असा: 'कोनान' (५० अंक, अंक ० वेगळा), 'कोनान द सिमेरियन' (२५), 'कोनान: रोड ऑफ किंग्ज' (१२), 'कोनान द बार्बेरियन' (२५), 'कोनान द अ‍ॅव्हेंजर' (२५), 'कोनान द स्लेअर' (१२). सुरुवात कर्ट ब्यूसिक आणि कॅरी नॉर्डची, पुढे टिमोथी ट्रुमन. 'रोड ऑफ किंग्ज'साठी रॉय थॉमस पुन्हा आला. 'किंग कोनान'च्या छोट्या मालिका शेवटी ठेवा, कारण त्या राजेपणातल्या आहेत.

एक खड्डा आहे. 'कोनान' (२००४) च्या अंक ८, १५ आणि २३ सारख्या अंकांत अधूनमधून बालपणाची कथा येते, चित्रं ग्रेग रूथची. या कथांचा वेगळा संग्रह 'खंड ०' म्हणून निघाला. क्रमांक ० बघून बरेच जण तोच आधी वाचतात. प्रकाशनक्रमात त्या कथा मोठ्या कोनानच्या साहसांच्या मधोमध येतात आणि तिथेच वाचल्या तर त्याच्या स्वभावाशी त्यांचा संबंध लागतो. म्हणून खंड ० सर्वांत आधी नको.

## टप्पा ८: २०१९ नंतरचे अंक

जानेवारी २०१९ मध्ये मार्वलने पुन्हा 'कोनान द बार्बेरियन' अंक १ काढला, लेखक जेसन ॲरन, चित्रकार महमूद असरार. अंकावर छोट्या अक्षरात दुसरा क्रमांक दिसेल, २७६. तो १९७० च्या मालिकेपासून मोजलेला जुना क्रमांक. त्या हिशेबाने २०१९ मालिकेचा अंक २५ म्हणजे ३००. यादीत '(२०१९) अंक १' असंच लिहा, जुना क्रमांक शेरा म्हणून. 'अंक २७६' अशी स्वतंत्र ओळ केलीत तर एकच अंक दोन ठिकाणी नोंदला जाईल.

'सॅव्हेज ॲव्हेंजर्स'मध्ये कोनान मार्वलच्या आधुनिक विश्वात येतो. तो ढीग निराळाच ठेवा, हॉवर्डच्या युगाशी त्याला बांधू नका.

२०२३ मध्ये टायटनची मालिका आली, जिम झब आणि रॉब डे ला टोरे यांची, आणि २०२४ मध्ये काळं-पांढरं 'सॅव्हेज सोर्ड'. आता एकेका अंकाची अनेक मुखपृष्ठं निघतात. वाचकासाठी तो एकच अंक. यादीत प्रत्येक मुखपृष्ठाला वेगळी ओळ देऊ नका.

## टप्पा ९: कथाक्रम आणि वाचनयादी

शेवटी वयाचा रकाना. इथे एकच 'अधिकृत' क्रम मिळेल ही आशा सोडा. पी. शायलर मिलर आणि जॉन क्लार्क या दोन वाचकांनी कोनानच्या आयुष्याचा आराखडा केला होता, आणि हॉवर्डने मार्च १९३६ मध्ये मिलरला पत्र लिहून काही दुरुस्त्यांसह त्याला दुजोरा दिला. त्याने त्यात काही वयंही सांगितली: वेनारियमच्या लढाईत कोनान साधारण पंधरा वर्षांचा. पण पुढच्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी कथा वेगवेगळ्या ठिकाणी बसवल्या. 'फ्रॉस्ट जायंट्स डॉटर'च घ्या. मार्वलच्या रंगीत मालिकेत ती अंक १६ मध्ये, 'टॉवर ऑफ द एलिफंट' आणि 'रोग्ज इन द हाउस' यांच्या नंतर. डार्क हॉर्समध्ये ती दुसऱ्याच अंकात, 'टॉवर'च्या कितीतरी आधी. दोन्ही बाजूंना कारणं आहेत. तुम्ही एक निवडा आणि त्या प्रकाशकाच्या काळापुरता तोच पाळा. दोन्ही प्रकाशकांचे क्रम एकाच यादीत मिसळले तर कोनान उत्तरेत जाऊन परत येऊन पुन्हा उत्तरेत जातो.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी प्रकाशनक्रमच सुचवेन, तोही असा:

१. मार्वल (१९७०) अंक १ ते १५.
२. 'सॅव्हेज टेल्स' १ मधली 'फ्रॉस्ट जायंट्स डॉटर', मग अंक १६.
३. अंक १७ ते २४. अंक २२ गाळा.
४. 'सॅव्हेज टेल्स' २ आणि ३, 'रेड नेल्स'साठी.
५. अंक २५ ते ५७, मग ५८ ते १०० सलग (६६ ते ६८ च्या दरम्यान 'मार्वल फीचर' ७), आणि पुढे ११५ पर्यंत.
६. 'सॅव्हेज सोर्ड'मधली हॉवर्डची रूपांतरं, मूळ कथेच्या रकान्यातून निवडून.
७. 'जायंट-साइझ' १ ते ४ आणि 'सॅव्हेज सोर्ड' ८ आणि १०, सर्वांत शेवटी, कारण तिथे तो राजा आहे.

चौथ्या पायरीवर वाद होऊ शकतो. 'रेड नेल्स'मधला कोनान वयाने मोठा आहे आणि कथाक्रमाने तो बराच पुढे यायला हवा. पण स्मिथची चित्रं अंक १ पासून कशी बदलत गेली ते डोळ्यांत ताजं असतानाच 'रेड नेल्स' बघायला हवं. इथे मी वयापेक्षा चित्राला मान देतो.

## संग्रह विकत घेताना

सुटे अंक भारतात मिळणं कठीण, म्हणून बहुतेक जण जाड संग्रह घेतात. तीच जुनी मार्वल कॉमिक्स तीन प्रकाशकांच्या संग्रहांत आली आहेत. डार्क हॉर्सच्या 'क्रॉनिकल्स ऑफ कोनान'च्या ३४ खंडांत चित्रांना संगणकावर नव्याने रंग दिले आहेत. स्मिथच्या सुरुवातीच्या अंकांत तो फरक ठळक जाणवतो, आणि मूळ रंग हवे असतील तर तो संग्रह टाळा. त्यानंतर मार्वलचे ऑम्निबस आले आणि आता टायटनचे.

खंडावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. एका प्रकाशकाचा खंड २ दुसऱ्याच्या खंड २ शी जुळत नाही. मागच्या कव्हरवर किंवा पहिल्या पानांत कोणते मूळ अंक आत आहेत ते लिहिलेलं असतं. ते बघून तुमच्या यादीतल्या ओळींवर खूण करत जा आणि मगच पैसे द्या. हक्क दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले की जुन्या प्रकाशकाचे खंड पुन्हा छापले जात नाहीत आणि त्यांच्या किमती चढतात. अर्धा संच डार्क हॉर्सचा जमवून अडकलेल्यांनी उरलेले खंड त्याच संचात शोधण्याऐवजी न मिळालेल्या मूळ अंकांची यादी काढावी आणि ते अंक ज्या चालू संग्रहात असतील तो घ्यावा.

जुने सुटे अंक घेताना पत्रव्यवहाराचं पान उघडून बघा. १९७४-७५ च्या मार्वल अंकांत कापून जपायचा एक 'व्हॅल्यू स्टॅम्प' असायचा आणि अनेक मुलांनी तो कात्रीने कापून घेतला. मधली चार पानं सुटलेली नाहीत ना, तेही बघा. स्वस्त कागदावरचे हे अंक पावसाळ्यात ओल धरतात. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर आम्लरहित पुठ्ठा घालून पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि कपाट भिंतीला चिकटवू नका.

पुठ्ठ्याच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने मालिका, सुरुवातीचं वर्ष आणि अंक लिहा. अंकावर मात्र काहीही लिहू नका.